इस्क्राची मान आणि संतांची बदली

संतांना मी फक्त दोन तासांसाठी हलवायचं ठरवलं होतं. सकाळी नऊ ते अकरा. शेजाऱ्यांकडून शिडी आणावी आणि काम झालं की परत नेऊन ठेवावी, तसं. (हे मी नंतर सासूबाईंना याच शब्दांत सांगितलं. सांगायला नको होतं.)

पण संतांच्या आधी मान सांगायला हवी.

आमची इस्क्रा सहा आठवड्यांची असताना तिचं डोकं कायम उजव्या खांद्याकडे कललेलं असायचं आणि तोंड मात्र डावीकडे वळलेलं. कचेरीतली बाई आपल्याकडे न बघता "पलीकडच्या खिडकीवर जा" म्हणते ना, तशी ती आमच्याकडे बघायची. मला ते फार गोड वाटलं. त्या अवस्थेतले तिचे सत्तेचाळीस फोटो काढून मी सगळ्या नातेवाइकांना पाठवले. पुढे डॉक्टरांनी तिच्या मानेवर माझंच बोट ठेवून आतला दोरीसारखा आखडलेला स्नायू मला दाखवला आणि म्हणाले, "याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. आधी लक्षात नाही आलं का?" तेव्हा मला ते सत्तेचाळीस फोटो आठवले. शिकलेली आई आपल्याविरुद्धचा पुरावासुद्धा तारीखवार लावून ठेवते.

घरी आल्यावर सासूबाईंनी निदान ऐकून घेतलं आणि एप्रनला हात पुसले.

"मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय सांगितलं होतं, आई?"

"प्रोमाया. इस्पितळातून पोर घरी आणलीस त्या दिवशी न्हाणीघराची खिडकी कोणी उघडली? तू. बाल्कनीचं दार उघडं होतं. या खिडकीतून शिरलेला वारा त्या दारातून गेला आणि जाताना पोरीची मान धरून गेला. माझ्या डोळ्यांदेखत."

"आई, हे जन्मापासून असतं. पोटात जागा कमी पडली की मान आखडते."

"पोटात कुठली आली प्रोमाया?"

आमच्या वाल्येवो गावात समोरासमोरच्या दोन उघड्या दारांतून जाणाऱ्या वाऱ्याला जेवढं लोक भितात, तेवढं पुराला भीत नाहीत. दात दुखला, प्रोमाया. कंबर धरली, प्रोमाया. सासऱ्यांच्या ओळखीतला एक माणूस ब्याण्णवाव्या वर्षी गेला, त्याच्याही बाबतीत लोकांना शंका होती. आणि माझा नवरा रेल्या तर घरोघरी खिडक्या बसवायचं काम करतो. "पोरगा गावभर खिडक्या घट्ट बंद करत फिरतो," सासूबाई जिन्यात भेटेल त्याला सांगत, "आणि घरी बायको उघडत बसते."

मी वर वर हसत होते. पण आत ती खिडकी उघडीच राहिली होती. मी भूगोल शिकवते, वारा कुठून कुठे वाहतो हे मला पाठ आहे, तरी दुपारी इस्क्रा झोपली की मी न्हाणीघरात जाऊन त्या खिडकीकडे बघत उभी राहायचे. खरंच उघडली होती मी. का उघडली?

फिजिओथेरपिस्ट गोर्दानाबाईंना मी हेच पहिल्यांदा विचारलं. त्यांचे हात मोठे होते आणि बोलणं थोडं.

"खिडकीचा संबंध नाही," त्या म्हणाल्या. "आता ऐका. एका हाताने तिचा उजवा खांदा खाली धरायचा. दुसऱ्या तळव्याने डोकं हलकेच डावीकडे कलवायचं. सावकाश मोजायचं, सोडायचं. मग हनुवटी उजव्या खांद्याकडे वळवायची. जागी असताना पोटावर ठेवायचं. ती रडली तर थांबायचं."

"आणि मी रडले तर?"

"तर थांबायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिचं जग उजवीकडे ठेवा. माणसं, खेळणी, उजेड, आवाज, सगळं उजवीकडे. डावीकडे काही नको. बघण्यासारखं काही असलं की मान आपण होऊन जाते. रोजच्या रोज. मित्रोवदानच्या सणानंतरच्या मंगळवारी तिला घेऊन या. तोवर फरक दिसला नाही तर बेलग्रेडला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल."

"म्हणजे शस्त्रक्रिया?"

"म्हणजे बेलग्रेड," गोर्दानाबाई म्हणाल्या.

बेलग्रेडला मी चार वर्षं शिकले, तिथे माझी मावशी राहते, तिथले केक मला आवडतात. त्या दिवसापासून ते नाव कोणी उच्चारलं की मी विषय बदलायला लागले.

घरी येऊन मी चार्ट केला. उभ्या रकान्यात वार, आडव्या रकान्यात व्यायाम, कोपऱ्यात दिशादर्शक बाण. एवढं करून पहिल्याच दिवशी घोटाळा केला. अकरा वर्षं वर्गाकडे तोंड करून उभं राहिल्यावर समोरच्याचं उजवं म्हणजे आपलं डावं, हे माझ्या अंगात मुरलेलं असायला हवं होतं. प्रत्यक्षात मी मध्येच थबकायचे आणि तिचं डोकं हातात घेऊन कोणाचं उजवं, कोणाचं उजवं, असं पुटपुटायचे. शेवटी इस्क्राच्या उजव्या मोज्याला खूण म्हणून मी लाल दोरा बांधला.

सासूबाईंनी तो पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आलीस ना शेवटी वळणावर!" त्यांनी माझा गालगुच्चा घेतला. "मला वाटलं होतं, शिकलेली सून, ही कसली पोरीला दृष्टीपासून जपणार?"

खरं सांगायला हवं होतं. पण त्या महिन्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्यावर खूश झालं होतं. दोन दिवसांत डाव्या मोज्याला, टोपीला, खाटेच्या चारही खुरांना आणि माझ्या मनगटाला लाल दोरे आले, आणि उजवं कुठलं हे मला पुन्हा कळेनासं झालं.

तरी जग उजवीकडे न्यायला आम्ही सुरुवात केली. खुळखुळे उजवीकडे गेले. सासऱ्यांची, म्हणजे मिलुतिनबाबांची, खुर्ची उजवीकडे गेली. ते निवृत्त बसचालक, बोलतात कमी. तिथून त्यांना टीव्ही तिरका दिसायला लागला. त्यांनी एक डोळा मिटून बघायची सवय लावून घेतली आणि तक्रार केली नाही. रेल्याला मी डावीकडून खाटेजवळ यायला बंदी केली. तो बिचारा कामावरून आला की पूर्ण खोलीला वळसा घालून मुलीकडे जायचा.

आणि एवढं करूनही इस्क्रा डावीकडेच बघायची. टक लावून, तोंड उघडं टाकून, भक्तिभावाने.

डावीकडे, पूर्वेच्या भिंतीवर (संतांची तसबीर आमच्याकडे पूर्वेलाच लावतात), आमच्या घराण्याचे संत दिमित्रिये होते. सोनेरी पार्श्वभूमी, लालभडक घोडा, घोड्यावर संत. त्यांच्यासमोर साखळीला टांगलेली लाल काचेची तेलाची दिवली. एरवी ती रविवारी आणि सणाला लागायची. पण नातीची मान सरळ व्हावी म्हणून सासूबाई आता ती रोज लावत होत्या. सकाळी उठल्या उठल्या तेल घालायच्या, वात पुढे ओढायच्या, क्रुसाची खूण करायच्या आणि संतांना अगदी घरगुती आवाजात सांगायच्या, "एवढं एक कर. बाकी काही मागत नाही."

ज्योत हलायची. लाल काच चमकायची. घोड्याच्या अंगावर उजेड नाचायचा. तीन महिन्यांच्या बाळाने आणखी कुठे बघावं? मी उजवीकडून खुळखुळा वाजवत, गात, तोंडं वेडीवाकडी करत होते. पण एकीकडे केस न विंचरलेली आई आणि दुसरीकडे सोन्यातला घोडेस्वार, तर मीसुद्धा डावीकडेच पाहिलं असतं.

खाट टोकाकडून टोकाकडे फिरवली की प्रश्न मिटत होता. मग संत तिच्या उजवीकडे आले असते. पण मग तिचं डोकं खिडकीशी आलं असतं. मी नुसतं सुचवून पाहिलं.

"खिडकीशी?" सासूबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "आता आणखी काय मोडायचंय तिचं?"

"मग आई, दिवा थोडे दिवस..."

"दिवा थोडे दिवस काय?"

"काही नाही."

त्यांना सांगता आलं असतं का, की तुमची प्रार्थनाच तिची मान वाकडी करते आहे? तुम्ही सांगितलं असतंत? मी मोबाईलमधल्या होकायंत्रावर तपासून पाहिलं. ती भिंत पूर्वेची नव्हतीच, चांगली आग्नेयेकडे झुकलेली होती. म्हणजे संत गेली तीस वर्षं चुकीच्याच दिशेला होते. हा मुद्दा मी मनात नीट घोळवून ठेवला आणि, माझ्या बहुतेक चांगल्या मुद्द्यांप्रमाणे, कोणाला सांगितला नाही.

त्याऐवजी बदली केली. सासूबाई रोज नऊ वाजता बाजारात जात आणि तिथून मैत्रिणीकडे कॉफी पिऊन अकराला परत येत. त्या गेल्या की मी खुर्चीवर चढायचे, संतांची क्षमा मागायचे, त्यांना आणि दिवलीला उतरवून पश्चिमेच्या भिंतीवर न्यायचे. तिथे एका टायरच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, ते काढून त्याच खिळ्यावर संत. अकराला पाच कमी असताना उलट प्रवास. मिलुतिनबाबा बंद काचेतून रस्त्यावर नजर ठेवायचे (बाल्कनीत उभं राहणं अर्थातच शक्य नव्हतं) आणि सासूबाई कोपऱ्यावर दिसल्या की खोकायचे. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, त्यांची वेळ कधी चुकली नाही.

आणि इस्क्रा उजवीकडे बघायला लागली. आधी नुसते डोळे. मग नाक. हनुवटी थोडी, मग पुन्हा अडकायची, जणू मानेत कोणीतरी दोरी धरून बसलं होतं. मी रोज चार्टमध्ये लिहीत होते. अर्धं बोट. पाऊण बोट. एक दिवस काहीच नाही, आणि त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. (थांबायचं नाही, असं सांगितलं होतं. थांबले नाही. डोळे पुसून पुन्हा खांदा धरला.)

सतरा दिवस हे चाललं. मित्रोवदान, म्हणजे आमच्या संत दिमित्रियेंचा सण, तीन दिवसांवर आला. आमच्याकडे घराच्या संतांच्या सणाआधी पाद्री घरोघर जाऊन पाणी मंत्रून देतात. त्याच पाण्यात सणाच्या भाकरीचं पीठ मळायचं. फादर स्रेतेन यांनी शुक्रवारी दुपारी येतो असा निरोप दिला होता. ते बुधवारी सकाळी साडेनऊला आले.

मिलुतिनबाबांनी त्यांना वरून पाहिलं. त्यांच्यासोबत, त्यांची पिशवी हातात घेऊन, लगबगीने येणाऱ्या सासूबाईंनाही पाहिलं. सासूबाई आल्या तर खोकायचं असं ठरलं होतं. पाद्री आले तर काय करायचं, हे ठरलं नव्हतं. बाबांनी टोपी काढली, क्रुसाची खूण केली आणि ताठ उभे राहिले.

मी इस्क्राचा खांदा धरून बारापर्यंत मोजलं होतं तेव्हा दार उघडलं.

"देव घराचं भलं करो," फादर म्हणाले. थंडीने त्यांचं नाक लाल झालं होतं आणि ते घाईत होते. त्यांनी खोलीत नजर फिरवली, पश्चिमेच्या भिंतीवर दिवा तेवत होता, समोर संत होते. पाद्र्यांना एवढं पुरतं. त्यांनी टेबलावर वाडगा ठेवला, पाणी ओतलं, मेणबत्ती लावली, संतांकडे तोंड केलं आणि सुरू केलं.

सासूबाई कोट टांगून, रुमाल बांधत, घाईघाईने आत आल्या. प्रार्थना सुरू झालेली. इकडेतिकडे न बघता त्या तीस वर्षांच्या आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या, पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. म्हणजे फादर एका भिंतीकडे, सासूबाई दुसऱ्या भिंतीकडे, दोघांच्या पाठी एकमेकांना, आणि मधोमध खाटेशी वाकलेली मी. बाबा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मग त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. ते तटस्थ राहिले.

मी देवाला म्हटलं, त्यांचे डोळे मिटलेलेच राहू देत. देवाकडे मी फारसं कधी काही मागितलेलं नाही, त्यामुळे आमची ओळख कमी पडली.

सासूबाईंनी डोळे उघडले. समोर एक खिळा होता, आणि खिळ्याखाली भिंतीवर संतांच्या आकाराचा स्वच्छ चौकोन.

"चोर!" सासूबाई किंचाळल्या. "मिलुतिन! आपले संत नेले! सणाच्या तोंडावर! रेल्याला फोन लाव! पोलिसांना फोन लाव!"

फादरांनी प्रार्थना थांबवली नाही. फक्त आवाज जरा चढवला आणि हातातल्या तुळशीच्या जुडीने मागे न बघता पश्चिमेच्या भिंतीकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. सासूबाई वळल्या. त्यांनी संतांना पाहिलं. संतांच्या खाली जमिनीवर पालथं पडलेलं टायरचं कॅलेंडर पाहिलं. आणि मग माझ्याकडे पाहिलं.

जुडी पाण्यात बुडली आणि फादर खोलीभर शिंपडायला लागले. भिंतींवर, बाबांवर, माझ्यावर. शेवटी ते खाटेजवळ आले, आणि माझ्या सुदैवाने उजवीकडून आले. मोठी काळी दाढी, ओली हिरवी जुडी, गाणारा आवाज, पाठीमागे दिवा. दोन थेंब इस्क्राच्या कपाळावर पडले. तिने श्वास घेतला. जुडी बाजूला गेली तशी तिची हनुवटी तिच्या मागे गेली. नेहमी अडकायची तिथे पोचली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली. थेट उजव्या खांद्यापर्यंत.

मी खाटेवर आणखी वाकले.

"बघितलंस?" सासूबाई कुजबुजल्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, पण खोलीत दुसरं कोणी तेवढ्या जवळ नव्हतं. "मान फिरवली. बघितलंस ना?"

प्रार्थना संपली.

"कोणी हलवले?" सासूबाईंनी विचारलं.

"मी," मिलुतिनबाबा म्हणाले.

"तू? तुला स्वतःची टोपी खुंटीवर सापडत नाही. बोयाना!"

मी सांगितलं. सगळं. दोन तासांचं, खुर्चीचं, खोकल्याचं. शेजाऱ्यांच्या शिडीचं उदाहरण दिलं. आग्नेय दिशेचाही मुद्दा घाबरून तोंडातून निघून गेला. आणि शेवटी, जे सांगायचं नव्हतं ते सांगितलं: "ती दिव्याकडे बघते, आई. दिवा डावीकडे आहे."

सासूबाईंचा हात रुमालाच्या गाठीवर होता तो तिथेच राहिला.

"म्हणजे मी रोज दिवा लावत होते," त्या हळू म्हणाल्या, "तिची मान सरळ व्हावी म्हणून. आणि ती त्याच्यानेच..."

"नाही आई, त्याच्याने नाही. ते जन्मापासून..."

"मला कळतं. मी काही अडाणी नाही." त्या खाली बसल्या. मी दीड महिना ज्या चेहऱ्याने न्हाणीघराच्या खिडकीसमोर उभी राहत होते, तो चेहरा मला पहिल्यांदा बाहेरून दिसला. "फादर, हे पाप आहे का?"

"कुठलं?" फादर वाडगा पुसत होते.

"तिने हलवलं ते. किंवा मी लावला तो. कुठलंही."

"रादोयका, मला जेवणाआधी अजून नऊ घरं करायची आहेत." त्यांनी पिशवी उचलली. "ते घोड्यावर आहेत. घोड्यावर बसलेल्या माणसाला खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला जायला कसला त्रास?"

फादर गेले. सासूबाईंनी संतांना परत पूर्वेला लावलं, कॅलेंडर पश्चिमेला लावलं आणि भिंतीवरचे दोन्ही खिळे ठोकून पक्के केले. मला वाटलं, संपलं. मंगळवारी गोर्दानाबाईंना काय सांगू? व्यायाम थांबले, कारण आग्नेय दिशा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत आले तर सासूबाई खाटेचं एक टोक धरून उभ्या होत्या.

"ते टोक धर," त्या म्हणाल्या. "संत हलणार नाहीत. पोर हलेल."

"पण आई, खिडकी... प्रोमाया?"

"धर म्हटलं ना."

आम्ही खाट फिरवली. इस्क्राचं डोकं खिडकीशी आलं आणि संत तिच्या उजवीकडे आले. मग सासूबाईंनी रेल्याला त्याच्या धंद्यातला होता नव्हता तेवढा फोम खिडकीच्या फटींत भरायला लावला, वर घोंगडी टांगली, आणि तेवढ्यानेही समाधान झालं नाही तेव्हा स्टूल घेऊन खिडकी आणि खाट यांच्या मध्ये स्वतः जाऊन बसल्या. पाठ खिडकीला, तोंड नातीकडे. तिथेच बटाटे सोलले, तिथेच सणाच्या कोबीच्या पानांत खिमा भरून गुंडाळ्या केल्या.

"आई, तिथून वारा येत नाही. आता मुंगीसुद्धा येणार नाही."

"येणार नाही, कारण मी बसलेय."

तिसऱ्या दिवशी त्यांचीच मान धरली. एवढ्या आनंदाने दुखणं मिरवणारी बाई मी पाहिली नाही. सणाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी ती वळवून, म्हणजे न वळवता, दाखवली. "बघा. आता बोला. म्हणे वाऱ्याचा संबंध नाही!" तीस-पस्तीस पाहुणे आले. प्रत्येकाला त्या दारातच अडवत होत्या: "पोरीला बघायचंय? उजवीकडून जा. ए, डावीकडून नाही! काका, तुम्हालाच सांगतेय, तुम्ही काय राजे आहात?" थोरली काकी चुकून डावीकडून गेली तर तिला परत दारापर्यंत पाठवून पुन्हा यायला लावलं. माझा चार्ट कोणी उघडून पाहिला नाही. गरजच उरली नव्हती. चार्ट स्टूलावर बसला होता.

पाहुणे गेल्यानंतर रविवारी दुपारी मी इस्क्राला मांडीवर समोर घेतलं, नीट पाहिलं, मग उजेडात नेऊन पुन्हा पाहिलं.

तिची मान आता दुसरीकडे वाकडी झाली होती. डावीकडे. थोडीशीच, पण स्पष्ट.

जास्त ताणलं मी. घाई केली. किंवा तो घोडा आता फार दिवस उजवीकडे राहिला. मी रेल्याला हाक मारली.

"सरळ आहे," तो म्हणाला.

"नीट बघ."

तो आपली पाणसळ घेऊन आला. खिडकी बसवताना ती चौकटीवर धरतात आणि आतला बुडबुडा मधोमध आला की चौकट सरळ. त्याने ती इस्क्राच्या दोन्ही कानांच्या रेषेत हवेत धरली. बुडबुडा मधोमध.

"घराची जमीनच कलती असेल," मी म्हटलं.

"बोयाना, जमीन कलली तर बुडबुडापण कलेल."

"तू दोन गिऱ्हाइकांच्या खिडक्या तिरक्या बसवल्या आहेस."

तो पाणसळ घेऊन निघून गेला. मला जिंकल्याचं जराही समाधान मिळालं नाही. मंगळवारपर्यंत मी बेलग्रेडच्या पिशवीत काय काय भरायचं याची यादी केली, ती दोनदा फाडली आणि तिसऱ्यांदा केली.

मंगळवारी आम्ही गेलो, मी आणि इस्क्रा, आणि बाहेरच्या बाकावर सोबत म्हणून आलेल्या सासूबाई. गोर्दानाबाईंनी इस्क्राला गादीवर निजवलं. घंटा वाजवत तिच्या डोक्याभोवती अर्धवर्तुळ काढलं. इस्क्रा घंटेच्या मागे गेली, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. बाईंनी मानेत बोटं घालून तो स्नायू चाचपला, पुन्हा चाचपला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग त्यांनी तिला उचलून माझ्यासमोर बसतं धरलं.

"आईंचं काय म्हणणं आहे?"

मी वाट बघतच होते. "माझीच चूक आहे," मी म्हटलं. "मी जास्त ताणलं. ती आता डावीकडे कलते. आमच्या घरी कोणाला दिसत नाही, पण मला दिसतं. आत्तासुद्धा. बघा ना. तुम्ही सरळ सांगा, बेलग्रेडला जावं लागेल का?"

गोर्दानाबाईंनी इस्क्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

"तुमचं डोकं असं डाव्या खांद्याकडे का झुकलंय?"

"माझं? कुठे?"

"दुखतं का?"

"नाही."

"कधीपासून धरता असं?"

दोन महिने माझं मूल समोरून कललेलं होतं. त्याच्या डोळ्यांत सरळ बघता यावं म्हणून मी माझंच डोकं त्याच्या बरोबरीने कलवत गेले होते. रोज थोडं थोडं. खांदा धरून मोजताना, दूध पाजताना, उगाच बघत बसताना.

"सरळ करा," गोर्दानाबाई म्हणाल्या.

मी मान सरळ केली. आणि त्याच क्षणी, कोणी हात न लावता, माझी मुलगीही सरळ झाली.

ती माझ्याकडे बघून हसली. गोर्दानाबाई हसल्या नाहीत. त्यांनी इस्क्राला माझ्याकडे दिलं, टेबलाशी बसल्या आणि तपासणीच्या कागदावर लिहायला लागल्या. मी वाकून वाचलं. (सरळ मानेने वाकणं कठीण असतं. सवय नव्हती.)

'बाळ: उत्तम सुधारणा. व्यायाम चालू ठेवावेत. बेलग्रेडची गरज नाही.'

आणि त्याखाली, जिथे पुढच्या भेटीचा रकाना होता:

'आईला घेऊन यावे.'